सत्तावीस वर्षांनंतरचे बेंगळूर: काही निरीक्षणे

(बेंगळूर येथे मराठी भाषक साथींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



जुन्या माणसाला ‘काल आणि आज’ असा विषय दिला की त्याला दोन मोह होतात. गेले ते सारे चांगले होते असे सांगत बसण्याचा एक, आणि उड्डाणपुलांची गणती करून प्रगतीचा दाखला देण्याचा दुसरा. या शहराबद्दल इंग्रजी वृत्तपत्रांतून जे हळहळणे चालते ते बहुतांशी पहिल्या प्रकारचे आहे. बागा गेल्या, गारवा गेला, कौलारू बंगले गेले, ही त्यातली तक्रार असते. ती खोटी नव्हे, पण ती बंगल्याच्या व्हरांड्यात बसून केलेली असते. सकाळी सहाच्या पाळीला निघणाऱ्या माणसाला हे शहर कसे दिसत होते आणि आज कसे दिसते, एवढ्याच बाजूने मी बोलणार आहे.

मी मूळचा सोलापूरचा. १९७६ साली जलाहळ्ळी भागातील सार्वजनिक क्षेत्राच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागलो आणि १९९८ साली घरच्या अडचणींमुळे गावी परतलो. त्यानंतर येथे येणे झाले ते आताच. गेले पाच आठवडे एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी राहून, बसने, मेट्रोने आणि पुष्कळसे पायी हिंडून जे पाहिले ते आपल्यापुढे ठेवतो. आमच्या वेळी आपण सारे ‘बंगलोर’ म्हणत होतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेंगळुरू झाले. मराठीत बेंगळूर हे रूप पूर्वीपासून होतेच, तेच मी वापरतो.

आरंभी थोडे दूरचे उदाहरण घेतो. चीन हे नाव आमच्या सोलापूरला डॉ. कोटणीसांमुळे परके नाही, आणि चिनी शहरांत बऱ्याच वर्षांनी परतणाऱ्यांची वर्णने मी आवडीने वाचत आलो आहे. १९८० च्या दशकातील बीजिंग म्हणजे सायकलींचा लोंढा, एकसारख्या विटांच्या इमारती, कारखान्याच्याच आवारात घर, शाळा, दवाखाना आणि भोजनगृह. परतणाऱ्याला प्रथम दिसतात त्या मोटारी, काचेचे मनोरे आणि भुयारी रेल्वे. पण वर्णन करणारा विचारी असेल तर तो थोड्या वेळाने दुसऱ्याच गोष्टीवर येतो. ज्या कामाच्या ठिकाणाशी माणसाचे सगळे आयुष्य बांधलेले होते, ते ठिकाणच उरलेले नाही. त्याला तेथे ‘दानवेई’ म्हणत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारी कारखान्यांतून काही कोटी कामगार कमी करण्यात आले. १९९८ साली कामगारांना घरे वाटून देण्याची पद्धत बंद झाली आणि राहती घरे सवलतीच्या दराने त्यांना विकण्यात आली. म्हणजे नोकरी गेली तरी जुन्या शहरी कामगारांपैकी पुष्कळांच्या हाती घर राहिले. खेड्यातून आलेल्या नव्या कामगाराला मात्र ना ती नोकरी मिळाली ना ते घर, कारण त्याची नोंद गावच्या दप्तरी होती. चिनी शहर आज या दोन थरांवर उभे आहे.

हे सांगण्याचे कारण असे की बेंगळूरही एके काळी आपल्या परीने ‘दानवेई’चे शहर होते, आणि आज येथेही दोन थर झालेले आहेत.

तरुण साथींसाठी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १९४० च्या डिसेंबरात वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने येथे विमानांचा कारखाना काढला. (वालचंदही सोलापूरचेच. भांडवलदार आणि कामगार दोन्ही पुरवण्याचे काम आमच्या गावाने केलेले आहे.) त्याचेच पुढे एचएएल झाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली टेलिफोनचा आयटीआय, १९५३ साली एचएमटी, १९५४ साली बीईएल, १९६४ साली बीईएमएल असे कारखाने शहराभोवती उभे राहिले. १९६१ पासून एचएमटीत जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळे होऊ लागली. ‘जनता’, ‘पायलट’ ही नावे आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनगटावर होती. मुलाला नोकरी लागली की एचएमटीचे घड्याळ आणि मुलीच्या लग्नात जावयाला एचएमटीचे घड्याळ, हा महाराष्ट्रातही रिवाज झाला होता.

या कारखान्यांबरोबर वसाहती आल्या. क्वार्टर्स, शाळा, रुग्णालय, सहकारी भांडार, नाटकाचे सभागृह, खेळाचे मैदान आणि कारखान्याच्या स्वतःच्या बसगाड्या. सकाळी शहरातल्या वाटेल त्या नाक्यावर उभे राहिले तर या गाड्यांची रांग दिसे, आणि गाडीच्या रंगावरून कारखाना ओळखता येई. एका बाकावर तमिळ फिटर, मल्याळी परिचारिका, तेलुगू कारकून, कन्नड सुतार आणि आमच्यासारखा मराठी टर्नर बसत असे. बोलणे कन्नडमध्ये सुरू होई, मध्येच तमिळ होई, आणि भांडण झाले की प्रत्येकजण आपापल्या भाषेत शिरे. राष्ट्रीय एकात्मतेवर मी पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत, पण त्या बसगाडीइतके परिणामकारक मला काही आढळले नाही.

२६ डिसेंबर १९८० रोजी याच कारखान्यांचा संप सुरू झाला. तो ७७ दिवस चालला. पाच मोठ्या कारखान्यांचे हजारो कामगार संयुक्त आघाडीच्या नेतृत्वाखाली एकत्र आले होते. भेल कंपनीच्या कामगारांबरोबर वेतनात समानता मिळावी ही मुख्य मागणी होती. दिल्लीत इंदिरा गांधींचे सरकार, येथे मुख्यमंत्री गुंडूराव. मार्च १९८१ मध्ये संप मागे घ्यावा लागला आणि मुख्य मागणी पदरात पडली नाही. महाराष्ट्रातील साथींना त्यानंतर दहा महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईत सुरू झालेला गिरणी संप अधिक आठवतो. दोन्ही लढे जवळजवळ लागोपाठ झाले, पण त्यांचे परिणाम सारखे नाहीत, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. मुंबईत संपानंतर गिरणगावच उठले. येथे संपानंतर कोणताही कारखाना बंद पडला नाही. कामगार परत यंत्रावर गेले, पगार पुढे वाढलेही. फक्त नवी भरती आटत गेली. निवृत्त होणाऱ्याची जागा रिकामी राहू लागली आणि सफाई, उपाहारगृह, बागकाम, मालाची चढउतार अशी कामे एकेक करून कंत्राटदाराकडे गेली. कारखाना आतून कसा रिता होतो हे मी माझ्याच खात्यात पाहिले. आम्ही ज्या खात्यात शंभरावर होतो तेथे मी सोडताना चाळीसही नव्हते, आणि त्यातला सर्वांत तरुण माणूस अडतीस वर्षांचा होता.

आता आजचे पाहू. राज्य सरकारचा एनजीईएफ हा विजेच्या यंत्रांचा कारखाना २००२ साली बंद झाला. एचएमटीची घड्याळे बनवणारी कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. २०१९ पासून जलाहळ्ळीत एचएमटीचे संग्रहालय आहे. तेथे जुनी यंत्रे पुसून, तेल लावून मांडलेली आहेत. तिकीट काढून मी आत गेलो, एका यंत्रापुढे थांबलो आणि त्याचा चक तपासण्यासाठी सवयीने हात पुढे केला, तेव्हा पहारेकऱ्याने नम्रपणे सांगितले की वस्तूंना स्पर्श करू नये. त्याचे बरोबरच होते. तो स्वतः कंत्राटी होता, हे पाच मिनिटांच्या बोलण्यात कळले. कारखान्याच्या जमिनीचा काही भाग अवकाश खात्याला विकण्यात आला. उरलेल्या जमिनीवर २०२४ पासून राज्याचे वनखाते हक्क सांगत आहे.

गिरण्यांचेही तेच. मल्लेश्वरमची राजा मिल गेली आणि तेथे मंत्री स्क्वेअर नावाचा मॉल उभा राहिला. एवढ्यावर थांबते तर नवल नव्हते, लोअर परळला आपण ते पाहिलेच आहे. पण शेजारच्या मेट्रो स्थानकाच्या नावातही मॉल आहे: ‘मंत्री स्क्वेअर संपिगे रोड’. संपिगे म्हणजे सोनचाफा, हा रस्ता त्याच्या नावाचा. त्या रस्त्याने गिरणीला जाणाऱ्या हजारो माणसांची खूण त्या पाटीवर कोठेच नाही. मिनर्व्हा मिलचे भाग्य त्या मानाने चमत्कारिक म्हटले पाहिजे. १९७४ च्या कायद्याने ती राष्ट्रीयीकृत झाली, मालक सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९८० च्या निकालाने घटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धांत पक्का झाला. आज देशातला कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी मिनर्व्हा मिलचे नाव घेतो, आणि ती बेंगळुरात होती हे येथल्या रिक्षावाल्यालाही सांगता येत नाही.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. या कारखान्यांतील कायम कामगारांनी त्या काळी गृहनिर्माण संस्था काढल्या होत्या. एचएमटी लेआउट, बीईएल लेआउट, आयटीआय लेआउट, बीईएमएल लेआउट ही नावे आजही नकाशावर आहेत. कारखाना बंद पडला असेल, पण त्याचे नाव लेआउटच्या पाटीवर जिवंत आहे. तीस फूट गुणिले चाळीस फुटांचा भूखंड, त्यावर पै-पै करून बांधलेल्या दोन खोल्या. शहराची लोकसंख्या १९७१ साली सुमारे साडेसोळा लाख होती, १९८१ साली एकोणतीस लाख आणि २०११ साली पंचाऐंशी लाखांच्या घरात गेली. साहजिकच त्या भूखंडाची किंमत कामगाराच्या जन्मभराच्या पगाराच्या कितीतरी पट झाली. माझे यजमान १९८१ च्या संपात ७७ दिवस फाटकावर उभे राहिलेले. आज त्यांच्या घरावर तीन मजले चढलेले आहेत. पहिल्या मजल्यावर संगणक कंपनीतले दोन तरुण राहतात. वरच्या मजल्यावरील चार लहान खोल्यांत पीण्याच्या कपड्यांच्या कारखान्यांत जाणाऱ्या बाया राहतात, एकेका खोलीत तिघी-चौघी. महिन्याच्या पाच तारखेला भाडे गोळा करायला माझा मित्र जिना चढतो. तो वाईट माणूस नाही. भाडेही तो इतरांहून कमीच घेतो. परंतु वर्गसंबंध माणसाच्या स्वभावावर ठरत नाहीत, हे आपण अभ्यासवर्गात शिकतो आणि नंतर विसरतो. २०१६ साली त्याच बाया रस्त्यावर आल्या, तेव्हा माझा हा मित्र, जन्मभराचा लढाऊ कामगार, दुधासाठी बाहेर पडता येईना म्हणून त्रासून गेला होता. हे त्यानेच मला हसत सांगितले.

ते २०१६ चे आंदोलन महाराष्ट्रात फारसे पोचले नाही, म्हणून दोन शब्द. केंद्र सरकारने त्या वर्षी १० फेब्रुवारीला अधिसूचना काढली की भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा कामगाराला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत काढता येणार नाही. कपड्यांच्या कारखान्यातील बाई चार-पाच वर्षे एके ठिकाणी टिकते, मग नोकरी सुटते, आणि तो निधी हीच तिची मुलाच्या शाळेची फी, आईचे औषधपाणी आणि सावकाराचे देणे. १८ आणि १९ एप्रिलला हजारो बाया यंत्रे सोडून होसूर रस्त्यावर आणि तुमकूर रस्त्यावर आल्या. कोणत्याही मोठ्या संघटनेने हाक दिलेली नव्हती. लाठ्या चालल्या, अश्रुधूर झाला, गाड्या जळल्या. दुसऱ्या दिवशीच दिल्लीला अधिसूचना मागे घ्यावी लागली. ७७ दिवसांच्या संपाला जे जमले नव्हते ते दोन दिवसांत झाले, असे कोणी म्हणेल. मी तसे म्हणणार नाही, कारण मागण्या निराळ्या आणि काळ निराळा. पण या शहरातला कामगारवर्ग कोठे आहे, याचे उत्तर त्या दोन दिवसांनी सर्वांसमोर ठेवले, एवढे खरे.

घराचा प्रश्न मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण आमच्या सोलापूरला त्याचे दुसरे उत्तर मिळालेले आहे. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांनी, कॉ. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने, सहकारी पद्धतीने दहा हजार घरांची वसाहत उभी केली. ती २००६ साली पूर्ण झाली, आणि तिला कॉ. गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प आला. त्यातील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या ताब्यात आली. त्या वसाहतीतही पाण्याच्या, वाहतुकीच्या अडचणी आहेत, तेथे सगळे आलबेल आहे असे नव्हे. परंतु विडी वळणाऱ्या बाईच्या नावावर घर होऊ शकते, मग बेंगळुरात जगभरचे सदरे शिवणाऱ्या बाईच्या नावावर का होऊ नये, हा प्रश्न येथे कोणी मोठ्याने विचारताना मला ऐकू आला नाही.

रस्त्यावरचे बदल आता थोडक्यात सांगतो. मेट्रोचा पहिला टप्पा २० ऑक्टोबर २०११ रोजी सुरू झाला, आणि ऑगस्ट २०२५ पासून ती थेट इलेक्ट्रॉनिक सिटी ओलांडून बोम्मसंद्रपर्यंत जाते. गाडी उत्तम आहे. परंतु फेब्रुवारी २०२५ च्या वाढीनंतर तिचे कमाल भाडे ६० रुपयांवरून ९० रुपये झाले. उलट ११ जून २०२३ पासून राज्यातल्या सरकारी साध्या बसमध्ये स्त्रियांना प्रवास मोफत आहे. त्यामुळे या शहरात प्रवासाचेही वर्ग पडले आहेत. मेट्रोत पाठीवर लॅपटॉपची पिशवी दिसते, बसमध्ये डबा आणि झोपलेले मूल. बसमध्ये बाया आता बसायला जागा मागतात, वाहकाशी वाद घालतात. हे पूर्वी नव्हते. फुकट गोष्टीने माणूस आळशी होतो असे सांगणाऱ्यांनी सकाळी पावणेआठला मैसूर रस्त्यावर उभे राहून पाहावे.

महात्मा गांधी रस्त्यावरचे इंडिया कॉफी हाउस २००९ साली तेथून चर्च स्ट्रीटवर हलले. पहिले कॉफी हाउस १९३६ साली मुंबईत चर्चगेटला निघाले होते. कॉफी बोर्डाने ती बंद करायला घेतल्यावर कॉ. ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनीच ती चालवायला घेतली, आणि अशी पहिली सहकारी संस्था १९ ऑगस्ट १९५७ रोजी याच शहरात स्थापन झाली. नव्या पिढीची कॉफीची दुकाने पाहिली. एका पेल्याची किंमत ऐकून मी उठून आलो.

पाण्याबद्दल. तलावांवर शहर चढवले गेले आहे. धर्मांबुधी तलावावर मॅजेस्टिकचे बसस्थानक आहे, संपंगी तलावावर कंठीरव क्रीडांगण. बेळ्ळंदूरच्या तलावाला तर फेब्रुवारी २०१७ मध्ये आग लागली. पाण्याला आग लागण्याची म्हण कोणत्याही भाषेत नसावी. २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका हजारोंनी आटल्या. शंभर किलोमीटरवरून कावेरी उचलून आणण्याच्या योजनेचा पाचवा टप्पा त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरू झाला. माझ्या मित्राच्या तळमजल्यावर नळ आहे, वरच्या खोल्यांतील बाया बादल्या घेऊन खाली येतात.

बांधकाम मजुरांची हकीकत याहून वाईट आहे. रायचूर, कलबुर्गी, यादगीर, बंगाल, आसाम अशा भागांतून आलेली ही माणसे निळ्या ताडपत्रीखाली राहतात. बिदर-कलबुर्गीकडची काही घरी मराठी बोलणारीही आहेत, मला भेटली. जानेवारी २०२० मध्ये बेळ्ळंदूरजवळच्या अशाच झोपड्या, त्यात बांगलादेशी राहतात या संशयावरून, पाडण्यात आल्या. उच्च न्यायालयाने त्याबद्दल अधिकाऱ्यांना धारेवर धरले. त्याच वर्षी मे महिन्यात, टाळेबंदीत, मुख्यमंत्र्यांची बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाली आणि मजुरांना गावी नेणाऱ्या रेल्वेगाड्या राज्याने रद्द करविल्या. देशभर टीका झाली, तेव्हा दोन दिवसांत त्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. वेठबिगारी कायद्याने रद्द झाली ती १९७६ साली, मी या शहरात आलो त्या वर्षी.

संगणक उद्योगाविषयी मी मुद्दामच कमी बोलतो आहे, कारण बाकीचे सर्वजण तेवढेच बोलतात. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात निघाली आणि १९८३ साली येथे आली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स १९८५ साली आली. हे येथेच का घडले? सार्वजनिक कारखान्यांनी, संशोधन संस्थांनी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी चाळीस वर्षे तयार केलेले मनुष्यबळ येथे आयते होते. ही गोष्ट त्या उद्योगाचे गोडवे गाणाऱ्या पुस्तकांत एखाद्या वाक्यात येते. त्या तरुणांची संघटना होऊ शकत नाही, हा समज मात्र आता जुना झाला. २०१७ साली त्यांची युनियन नोंदली गेली, आणि जुलै २०२४ मध्ये चौदा तासांच्या कामाच्या दिवसाचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा तिने तो लोकांसमोर मांडून हाणून पाडण्यात पुढाकार घेतला. माझ्या मित्राच्या घरातील तरुणांपैकी एकाने मला विचारले की तुमच्या वेळी आठ तासांनंतर खरोखरच घरी जाता येत होते काय. भोंगा व्हायचा, असे मी त्याला सांगितले. भोंगा म्हणजे काय, हे नंतर सांगावे लागले.

मराठी साथींसाठी एक वेगळी गोष्ट. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पण येथली मराठी वस्ती केवळ सरदारांची कधीच नव्हती. पेठेत पिढ्यान् पिढ्या शिंपी आणि रंगारी भावसारांची घरे आहेत. त्यांची मराठी आपल्याला थोडी कानडी वाटते आणि त्यांना आपली थोडी उद्धट वाटते. सीमाप्रश्नावर वातावरण तापले की या घरांची कुचंबणा होते. कावेरीवरून तमिळ माणसांनी १९९१ साली येथे जे भोगले ते मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. त्या डिसेंबरात आमच्या बसगाडीतला तमिळ फिटर दहा दिवस कामावर आला नाही. शेवटी आम्ही सहाजण त्याच्या घरी जाऊन त्याला मध्ये घेऊन आलो.

शेवटी देवनहळ्ळीकडे वळतो. विमानतळ २००८ साली तिकडे गेला आणि शहर त्याच्या मागोमाग गेले. चन्नरायपट्टण भागातील तेरा गावांच्या शेतकऱ्यांनी १,७७७ एकर जमिनीचे संपादन तीन वर्षांहून अधिक काळ लढून जुलै २०२५ मध्ये रद्द करून घेतले. त्याच तालुक्यात फॉक्सकॉनचा मोबाईल फोनचा कारखाना उभा आहे. चीनमधील शेन्झेन आणि झेंगझौ येथील या कंपनीच्या कारखान्यांची आणि तेथील कामगारांच्या वसतिगृहांची वर्णने आपण वाचलेली आहेत. २०१० साली शेन्झेनमध्ये तरुण कामगारांनी इमारतींवरून उड्या घेतल्या, तीच ही कंपनी. जमीन निराळी आहे, पण पद्धत तीच: गावापासून दूर आणलेल्या अठरा-वीस वर्षांच्या मुली, वसतिगृह आणि बस. पूर्वीच्या आमच्या बसने वसाहतीतील घरून कारखान्यात नेले आणि परत घरी आणले. ही बस वसतिगृहातून नेते आणि वसतिगृहात आणते. मधल्या रस्त्यावर कोणी कोणाला भेटत नाही.

या मुली कर्नाटकाच्या खेड्यांतून येतात, तशाच झारखंड आणि ओडिशातूनही येतात. येथल्या साथींनी मला कन्नडमध्ये छापलेले एक पत्रक दाखवले. मजकूर चांगला आहे. परंतु पीण्यातील एका खोलीत मी ते दाखवले, तेव्हा तेथल्या चौघींपैकी तिघींना ते वाचता आले नाही. दोघींना देवनागरी येत होती. आपल्यापैकी पुष्कळांना हिंदी लिहिता येते. ओडिया लिहिणारा एक साथी व्हाइटफील्डला आहे, असे मला सांगण्यात आले. रविवारी त्यांना अर्धा दिवस सुट्टी असते, आणि दुपारी तीनपर्यंत पाणी भरून झालेले असते.